वाळल्यावरचा निळा

सिद्धाप्पा नीलगार आमच्या दवाखान्यात शिपाई म्हणून रुजू झाले, त्याच दिवशी त्यांनी माझं सहा महिन्यांचं काम एका वाक्यात निकालात काढलं आणि वर पाण्याचा माठ कुठे ठेवायचा असंही विचारलं.

साल १९७५. मी हिंदुराव गरड, सोलापुरातल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यातला एकोणतीस वर्षांचा डॉक्टर. मला राग लवकर येतो. आज सत्तरी ओलांडली तरी येतो, तेव्हा तर तो नाकाच्या शेंड्यावरच मुक्कामाला असायचा. सिद्धाप्पा पन्नाशीचे, काटकुळे, कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे, डोक्यावर पांढरी टोपी, आणि हाताची दहाही नखं निळी. माझ्या टेबलावर मेणाने बंद केलेल्या सात काचेच्या नळ्या होत्या आणि त्यांत सात प्रकारचं निळं पाणी. एकीत नुसती झाक, शेवटच्या नळीत दौतीतल्या शाईएवढं गडद. सिद्धाप्पांनी वाकून पाहिलं.

"डाक्टर, ही नीळ पळणार."

"कुठे पळणार?"

"उन्हात. चार दिवस ऱ्हाईल, पाचव्याला पळंल."

तुमचं काम पाणी भरायचं आहे, असं मी त्यांना सुनावलं. त्यांनी मुकाट्याने पाणी भरलं. पाचव्या दिवशी दोन नंबरच्या आणि तीन नंबरच्या नळीत मला काही फरक दिसेना. मी नळ्या हलवल्या, पुसल्या, खिडकीशी नेल्या, परत आणल्या. सिद्धाप्पा दारात उभे राहून बघत होते. हसत नव्हते, हे त्यांचे उपकार.

त्या नळ्यांमध्ये माझा जीव का अडकला होता ते सांगायला हवं. त्या वर्षी अक्कलकोटकडच्या गावांतून म्हशींना एक आजार होत होता. म्हैस व्याली की पंधरा-वीस दिवसांत लाल लघवी करायची, मग कॉफीसारखी काळपट, आणि चार दिवसांत संपायची. याची कारणं दोन. एक, गोचिडांमुळे येणारा ताप. दुसरं, रक्तातला फॉस्फरस कमी होणं. बहात्तरच्या दुष्काळानंतर जनावरं नुसत्या कडब्यावर जगत होती, आणि कडब्यात तो फारसा नसतो. वरून दोन्ही आजार सारखेच दिसतात, पण दोन्हींची इंजेक्शनं वेगळी. चुकीचं दिलं तर म्हैस जाते. दोन्ही एकदम दिली तर अशक्त जनावराला झेपत नाहीत. रक्त पुण्याला पाठवलं की तिथलं यंत्र अगदी अचूक आकडा देतं, पण उत्तर यायला दहा दिवस. तोवर घरातल्या बाईने दावं गुंडाळून आढ्याला टांगलेलं असतं.

म्हणून मला गोठ्यात उघडता येईल अशी पेटी हवी होती. तपासणी तशी सोपी. रक्तात आम्ल घालून गाळायचं, खाली निवळ पाणी उतरतं. त्यात दोन औषधं थेंबाथेंबाने टाकायची, की पाणी निळं होतं. जितका फॉस्फरस जास्त, तितका निळा गडद. चारा तपासायचा तर तो जाळून त्याची राख आम्लात विरघळवायची, पुढचं सगळं तसंच. अडचण एकच. निळा किती गडद आहे हे मोजणारं यंत्र विजेवर चालायचं, आणि ज्या गोठ्यात मी जाणार तिथे कंदील असला तरी खूप. म्हणून शेजारी धरून ताडून बघायला या सात नळ्या. आणि त्या पळाल्या.

"सुतावर घ्या की," सिद्धाप्पा दारातूनच म्हणाले. "पाणी रंग सोडतंय. सूत धरून ठेवतंय."

मी त्यांना खुर्ची दिली. शिपायाला खुर्ची दिली म्हणून आमच्या कारकुनाने दोन दिवस तोंड वाकडं केलं.

मग कळलं, की हा माणूस एका रंगखान्यात बावीस वर्षं शेड लावायचं काम करत होता. चादरीच्या सुताच्या लडी रंगाच्या हौदातून बाहेर निघाल्या, की नमुन्याशी जुळल्या की नाही हे शेड लावणारा सांगतो. तो हो म्हणाला की माल पुढे. आडनावातच नीळ. आजोबा निळीचे रांजण लावायचे, त्यांतून सूत हिरवंपिवळं निघायचं आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं व्हायचं. माझी तपासणी त्यांना पहिल्यांदा दाखवली, पाण्यासारखं पाणी एका थेंबात निळं झालं, तेव्हा ते खुर्चीवरून उठूनच उभे राहिले. "हे तर आमच्या घरचंच हाय की," म्हणाले.

आठ दिवसांत त्यांनी ओळखीच्या रंगखान्यात पंधरा-वीस लडी रंगवून आणल्या. मी ताजी द्रावणं तयार केली, त्यांच्याशी वाळलेल्या लडी ताडून सात निवडल्या आणि माझ्या हाताने एक ते सात आकड्यांच्या चिठ्ठ्या बांधल्या. एक म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात एक मिलिग्रॅम, सात म्हणजे सात. तीन किंवा त्याखाली म्हणजे फॉस्फरस कमी, चार किंवा वर म्हणजे पुरेसा. सिद्धाप्पांना आकडे मान्य नव्हते. त्यांची नावं वेगळी. पहिला धुवट, मग आभाळी, मग जवसाचं फूल, मग नीळकंठ, गोकर्ण, शाई, आणि शेवटचा काळपट. मी नोंदवहीत तीन लिहायचो, ते "जवस" म्हणायचे. दोन महिन्यांनी मीच म्हशीच्या मालकिणीला सांगून बसलो, की तुमच्या म्हशीचं रक्त जवसावर आलंय. ती बाई घाबरून रडायलाच लागली.

सागवानी पेटी शुक्रवार पेठेतल्या सुताराकडून करून घेतली. वर पितळी कडी, आत नळ्यांना खाचा, झाकणाच्या आतून पांढरा कागद, त्यावर सात लडी. सरकारी जीप आमच्या वाट्याला येणं म्हणजे लग्नाचा मुहूर्त, तेव्हा माझ्या राजदूत मोटारसायकलवर मी पुढे आणि मागे मांडीवर पेटी घेऊन सिद्धाप्पा. पहिल्याच फेरीला वळसंगला चहाला थांबलो, तिथे त्यांनी खिशातून घडी पडलेला एक कागद काढला. रंगखान्याचा होता. चादरींचा एक मोठा माल दोन छटांचा निघाला, मालकाने त्यांना कमी केलं आणि कागदावर कारण लिहिलं, नजर कमी झाल्याने. सिद्धाप्पांचं शिक्षण कन्नड दोन इयत्ता. मराठी त्यांना वाचता येत नव्हतं. तो कागद त्यांच्या बायकोने, चन्नम्मांनी, गल्लीतल्या एकाकडून वाचून घेतला होता. गल्ली म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत पेठेला पाठ.

"तुमी डाक्टर हाय," ते म्हणाले. "नजर गेली का ऱ्हायली, कसं कळतंय?"

"मी म्हशींचा डॉक्टर आहे, सिद्धाप्पा."

"डोळ्याच्या डाक्टरकडं बी गेलतो. त्यो म्हनतोय लांबचं दिसतंय, जवळचं दिसतंय. रंगाचं त्याला काय म्हाईत? मला बी आता कळंना झालंय. एकदा का कुनी पक्कं सांगितलं ना, गेली तर गेली म्हनून सोडून देतो."

त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पगार, कायम होणं, साहेबांची मर्जी, काही नाही. नजर आहे की गेली एवढंच त्यांना कुणीतरी छातीठोकपणे सांगायला हवं होतं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि "आहे हो, आहे," असं काहीतरी बोललो. ते बोलणं पोकळ होतं आणि ते त्यांना कळलं.

पण काय दिवस होते ते. गावात शिरलो की पेटी बघून लोकांना वाटायचं भजनी मंडळ आलं. एका गावात तर एकाने टाळ आणून ठेवले. मग सिद्धाप्पा गोठ्यात पोतं अंथरून झाकण उघडायचे आणि गोंगाट आपोआप थांबायचा. मी गाळून घ्यायचो, थेंब टाकायचो, नळी त्यांच्या हातात द्यायचो. ते ती उजेडाकडे धरून एक डोळा बारीक करायचे. पाण्यात निळं धुकं उतरायला लागलं की मागून पोरंबाळं, म्हातारे, सगळे पुढे सरकायचे. एकदा एका म्हशीनेच पुढे सरकून नळीला जीभ लावली. आम्ही रक्त तपासलं, कडब्याची राख तपासली, सरकी पेंड तपासली, गव्हाचा कोंडा तपासला. कडबा धुवट आणि कोंडा शाई, हे गोठ्यातल्या बायकांनी डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा त्यांना माझ्या भाषणाची गरज उरली नाही. मी आधी हाडांचा चुरा खाऊ घाला म्हणून सांगत फिरत होतो. लिंगायतांच्या घरात हाडांचा चुरा. त्या पहिल्या घरात मला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. सिद्धाप्पांनी मला बाहेर ओढून नेलं होतं आणि कन्नडमधून माझ्या वतीने माफी मागितली होती, असं मला पुष्कळ नंतर कळलं.

सहा महिन्यांत आम्ही एकशे दहा जनावरं तपासली, जवळजवळ सगळी अजून आजारी न पडलेली. मी पुण्याला लांबलचक अहवाल धाडला. मला वाटलं होतं शाबासकीचं पत्र येईल.

पत्र आलं ते असं. कल्पना स्तुत्य आहे, परंतु माणसाच्या डोळ्याचा भरवसा धरता येत नाही. वीस जनावरांचं रक्त घ्यावं, प्रत्येकाचं निम्मं पेटीवर तपासावं, निम्मं बर्फात घालून पुण्याला यंत्रासाठी पाठवावं. आकडे जुळले तर पेटी चालू ठेवावी. तोपर्यंत बंद.

मी चिडलो. सिद्धाप्पा मात्र पत्र ऐकून उजळून निघाले. "म्हंजे ते यंत्र माझी नजर तपासनार?"

"तुमची नाही हो, पेटीची."

"पेटी लाकडाची हाय," ते म्हणाले. "तिला काय नजर हाय व्हय? आता कळंल डाक्टर. आता पक्कं कळंल."

वीस नमुने घेतले तो आठवडा सिद्धाप्पा लग्नघरातल्यासारखे वावरत होते. प्रत्येक नळी तीनतीनदा बघायचे. आकडा सांगायचे आणि मी लिहिलेला बरोबर आहे का हे मला दोनदा वाचायला लावायचे. थर्मास पुण्याच्या गाडीत चढवला तेव्हा त्यांनी त्याला नमस्कार केला. बारा दिवसांनी पाकीट आलं. मी ते त्यांच्यासमोर फोडलं.

पहिला नमुना: आमचा तीन, पुण्याचा चार. दुसरा: आमचा चार, पुण्याचा पाच. तिसरा: आमचा दोन, पुण्याचा तीन. मी पुढे वाचलंच नाही. वीसपैकी एकही जुळला नाही हे मला पानावर नजर फिरवूनच दिसलं. सहा महिने, एकशे दहा जनावरं, माझा अहवाल, सगळं डोक्यात एकदम उसळलं आणि मी जे बोललो ते आजही मला सांगायची लाज वाटते. मी म्हणालो, "नजर गेलीच होती तर आधी सांगायचं होतं, सिद्धाप्पा. निदान मी दुसरा माणूस बघितला असता."

पेटीच्या झाकणावरची धूळ त्यांनी फडक्याने पुसली, कडी लावली, टोपी घातली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. माठ कोरडा पडला.

तिसऱ्या दिवशी दुपारी, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून, मी तो कागद पुन्हा काढला. दोन रकाने समोरासमोर. तीन-चार. चार-पाच. दोन-तीन. पाच-सहा. मी बोट ठेवून खाली उतरत गेलो आणि अकराव्या ओळीवर थबकलो. वीसच्या वीस ठिकाणी आमचा आकडा बरोबर एकने कमी होता. कुठे दोनने नाही, कुठे जास्त नाही, कुठे सारखा नाही. नजर गेलेला माणूस कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. हा माणूस वीस वेळा अगदी तेवढ्याच अंतरावर चुकला होता. ही गेलेली नजर नव्हतीच. मग काय होतं ते मात्र मला कळेना.

मी राजदूतला लाथ घातली आणि शुक्रवार पेठ गाठली.

बोळाच्या टोकाला त्यांचं घर. अंगणात चन्नम्मा बादलीतून धोतर पिळून काढत होत्या. पांढऱ्या कपड्याला घरोघरी नीळ घालतात, तशी घातलेली. मला बघून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि या म्हटलं नाही. त्यांचं बरोबर होतं. सिद्धाप्पा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते, तोंड दुसरीकडे. मी चप्पल काढून तसाच उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवून आलो नव्हतो.

चन्नम्मांनी धोतर झटकून उभं धरलं आणि त्या नवऱ्याला म्हणाल्या, "लई नीळ झाली का ओ?"

सिद्धाप्पांनी मान वळवली, न वळवल्यासारखी. "न्हाय. वाळलं की बरोबर हुईल."

मी ओट्यावर बसलो. "सिद्धाप्पा," मी म्हणालो, "आत्ता तुम्ही जे धोतर बघितलं, ते ओलं बघितलं की वाळलेलं?"

"ओलंच हाय की ते."

"पण सांगितलंत वाळल्यावरचं."

"मग? रंग सांगायचा म्हंजे वाळलेलाच सांगायचा. ओला रंग कोन सांगतंय, डाक्टर? ओला समदाच गडद दिसतोय. बावीस वर्सं हौदातनं निघालेली लड बघून वाळल्यावर काय हुनार त्येच सांगत आलो. त्येचाच पगार व्हता."

"आणि नळीतलं पाणी?"

आता त्यांनी मान पुरती माझ्याकडे वळवली.

"नळीतलं पाणी कधी वाळणार आहे, सिद्धाप्पा?"

चन्नम्मांच्या हातातलं धोतर खाली लोंबायला लागलं. सिद्धाप्पांनी स्वतःच्या निळ्या नखांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग हा माणूस असा हसला की बोळातली दोन दारं उघडली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. ते डोक्यात पाणी वाळवत होते. नीळकंठ दिसला की वाळवून जवस सांगत होते. एकशे दहा वेळा, न चुकता. चिठ्ठ्या मी बांधल्या होत्या, जसं दिसतं तशा, कारण मला रंगाचं काही कळत नव्हतं. त्यांना फार कळत होतं. त्या सहा महिन्यांत कित्येक धडधाकट म्हशींना आम्ही उगाच कोंडा चारायला लावला होता. म्हशींची त्याबद्दल तक्रार नव्हती.

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी मला धरलं. "ते ऱ्हाऊ द्या," म्हणाले, "आधी दवाखान्यात चला. हे सुधारायचं कसं?"

सुधारणं सोपं नव्हतं. गोष्ट कळल्यावर ते कधी पुरतं, कधी अर्धवट वाळवायला लागले, त्यामुळे नुसता एक वाढवून लिहूनही भागेना. मी नळी समोर धरून म्हणायचो, ओला सांगा. ते ओला सांगायचा प्रयत्न करायचे आणि घामाघूम व्हायचे. डोळा आपोआप वाळवायचा. दोन दिवस आम्ही असे भांडत बसलो. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मांडीवर थाप मारली. "सूतच ओलं करू की. पान्यासंगं पानी ताडू." लगेच सात नव्या काचेच्या नळ्या, त्यांत पाणी, पाण्यात सुताची लड बुडवलेली. आता दोन्हीकडे ओलं. डोक्यात वाळवलं तरी दोन्ही एकदमच वाळणार. नवी सूतं रंगवली, नव्या चिठ्ठ्या बांधल्या, या वेळी दोघांनी मिळून. पुन्हा वीस नमुने, पुन्हा बर्फ, पुन्हा पुण्याची गाडी. त्यांनी पुन्हा नमस्कार केला, या वेळी मीही.

उत्तर यायच्या आधी गंगम्मा आली.

अक्कलकोटच्या पुढच्या एका गावातली बाई. पाटीवर गावाचं नाव दोन लिप्यांत लिहिलेलं असतं, तिथली. सकाळच्या एसटीने येऊन तिने माझ्या टेबलावर औषधाची एक जुनी बाटली ठेवली. आत काळाकुट्ट द्रव. "एम्मी," म्हणजे म्हैस, एवढंच मला म्हणाली आणि पुढचं सगळं सिद्धाप्पांना कन्नडमध्ये सांगितलं. म्हैस अठरा दिवसांपूर्वी व्यालेली. कालपासून ही अशी लघवी. घरात दूध देणारं तेवढंच जनावर.

दुपारी आम्ही गोठ्यात होतो. म्हैस बसलेली, मान टाकलेली, डोळ्यांच्या आतली कातडी कागदासारखी पांढरी. अंगाला थोडा ताप. आणि कासेपाशी, कानापाशी गोचीड. माझ्या मते निकाल लागला होता. गोचीड आहेत, ताप आहे, गोचिडाचाच आजार. मी त्याचं इंजेक्शन भरायला घेतलं.

"पेटी उघडू?" सिद्धाप्पांनी विचारलं.

"बंद ठेवा म्हणून सांगितलंय."

"पेटीला सांगितलंय. मला कुटं सांगितलंय?"

मी रक्त काढलं. आम्ल घातलं, गाळलं, थेंब टाकले. गंगम्मा भिंतीला पाठ लावून बघत होती. निळा चढायला लागला. सिद्धाप्पांनी नळी उजेडात धरली, सात ओल्या लडींच्या पुढून एकेक करत नेली, परत आणली, एका जागी थांबवली.

"तीन."

तीन म्हणजे फॉस्फरस कमी. चार असता तर पुरेसा, मग आजार गोचिडाचा. एका आकड्याचा खेळ होता, आणि नेमका तोच एक आकडा, जो हा माणूस वीस वेळा चुकला होता. पुण्याचं उत्तर अजून यायचं होतं. माझ्या एका हातात गोचिडाचं इंजेक्शन भरलेलं होतं. माझं सगळं शिक्षण तेच दे म्हणून सांगत होतं.

"सिद्धाप्पा, हा तीन वाळवून आहे का?"

त्यांनी नळीवरची नजर काढली नाही. "ओला तीन हाय. तुमी सुई मारा."

"चुकलं तर म्हैस जाईल."

"मला म्हाईत हाय."

मी भरलेली सुई रिकामी केली आणि थैलीतून फॉस्फरसची बाटली काढली. मानेच्या शिरेत सुई लावली, सिद्धाप्पांनी बाटली वर धरली. ती पुरी उतरायला अर्धा तास लागला असेल. त्या अर्ध्या तासात त्यांनी हात बदलला नाही. मला एवढी भीती कधी वाटली नव्हती, आणि खरं सांगायचं तर एवढी मजाही कधी आली नव्हती. निघताना मी गंगम्माला उद्याच्या लघवीचा रंग बघून ठेवायला सांगितलं.

ती बघून ठेवणाऱ्यातली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती एसटीने थेट दवाखान्यात आली आणि तशीच एक बाटली माझ्या टेबलावर, सरकारी कागदांच्या मधोमध ठेवली. आतला द्रव फिका, फार तर पातळ चहाएवढा. तिसऱ्या दिवशी तिच्या दिराबरोबर आणखी एक बाटली आली. ती स्वच्छ पिवळी. म्हैस उठून उभी राहिली होती, वैरण खात होती. मी ती बाटली उजेडात धरून सिद्धाप्पांना विचारलं, हा कुठला रंग? ते म्हणाले, हा आमच्यात न्हाय, हा तुमचा.

त्यानंतर चार दिवसांनी पुण्याचं पाकीट आलं. या वेळी मी शेवटपर्यंत वाचलं, बोट ठेवून, मोठ्याने. अठरा ठिकाणी आकडा जुळला होता. उरलेल्या दोन ठिकाणी यंत्राने साडेचार आणि साडेपाच दिले होते, आणि आमच्या वहीत तिथे सिद्धाप्पांच्या सांगण्यावरून मी "चार-पाचच्या मधे" आणि "गोकर्णाच्या पुढे, शाईच्या अलीकडे" असं लिहिलेलं होतं. लिहिताना मी वैतागलो होतो.

पाकिटात एक छापील तक्ताही होता. पेटी कायमची मंजूर करायची तर तो भरून पाठवायचा. गावं, जनावरं, औषधं, सगळे रकाने भरले आणि एका रकान्याशी थांबलो. तिथे छापलं होतं, मोजणीचे उपकरण. इतर जिल्ह्यांतले लोक तिथे यंत्राचं नाव आणि क्रमांक लिहितात. मी थोडा विचार केला आणि लिहिलं.

सिद्धाप्पा टेबलाशी उभे होते. "काय लिवलं?"

मी वाचून दाखवलं. "मोजणीचे उपकरण, सिद्धाप्पा नीलगार यांची नजर."

त्यांनी कागदावर त्या ओळीपाशी बोट ठेवलं. शाई अजून ओली होती, बोटाला लागली. "हितं?"

"इथे."

"ह्याच्यावर सरकारचा शिक्का मारनार?"

"मारणार की."

मी शिक्क्याचा डबा पुढे ओढला. त्यांनी माझा हात धरला.

"जरा थांबा, डाक्टर. चन्नम्माला घिऊन येतो. तिच्या म्होरं शिक्का मारा, अन् तिच्या म्होरं परत एकदा मोठ्यानं वाचा."